मुंबईचं महापौरपद: कारकीर्दीची पायरी की पूर्णविराम?

चर्नीरोडकर:
स. का. पाटील 1949 ते 1952 महापौर, पुढे केंद्रात मंत्री. मनोहर जोशी 1976-77 ला महापौर, 1995 ला मुख्यमंत्री. मुरली देवरा 1977-78 ला महापौर, पुढे पेट्रोलियम मंत्री. छगन भुजबळ दोनदा महापौर, पुढे उपमुख्यमंत्री. आता अलीकडचे बघा. सुनील प्रभू दिंडोशीतून सलग तीनदा आमदार झाले, ते मान्य. पण विश्वनाथ महाडेश्वर 2019 ला वांद्रे पूर्वेत पडले, श्रद्धा जाधव 2024 ला वडाळ्यात. हे पद आता माणसाला वर नेत नाही, मखरात बसवतं.

माहीमकर:
साफ चूक. जोशींच्या महापौरपदात आणि मुख्यमंत्रिपदात 18 वर्षं गेली, त्यांना वर नेलं ते पक्षानं. तेव्हा मुदतही वर्षाचीच असायची. आज अडीच वर्षं मिळतात, रोज कॅमेरे समोर असतात. प्रभू 2014 ला महापौरपद सुटलं त्याच वर्षी आमदार झाले. ज्याला संघटना बांधता येते त्याला हे पद आजही पुरतं.

हिशेबनीस:
दोघंही चेहरे मोजताय, कागद कुठून कुठे जातो ते बघा. 1888 च्या पालिका कायद्यानं कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. कंत्राटाचा प्रस्ताव प्रशासन आणतं, मंजुरी स्थायी समिती, म्हणजे नगरसेवकांचीच एक छोटी समिती, देते. अर्थसंकल्पही आयुक्त आधी तिथेच मांडतात, त्यातले फेरफारही तिथेच होतात. महापौर सभागृह चालवतात, गटनेत्यांची बैठक घेतात. नगरसेवकानं ठरावाची सूचना मांडली आणि सभागृहानं ती एकमतानं मंजूर केली, तरी ती आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते. ‘व्यवहार्य नाही’ असा शेरा आला की विषय संपला, महापौरांना तो फिरवता येत नाही.

म्हणून तुलना करायचीच तर स्थायी समितीच्या अध्यक्षांशी करा. राहुल शेवाळे तिथून 2014 ला थेट लोकसभेत गेले, 2019 ला पुन्हा निवडून आले. रवींद्र वायकरही स्थायी समितीचे अध्यक्ष होते. पुढे आमदार, राज्यमंत्री, आणि 2024 ला 48 मतांनी खासदार. जिथे निधी वाटला जातो तिथे माणसं जोडली जातात.

माहीमकर:
निधीचं पटतं. पण खरा घोळ सोडतीत आहे, त्यावर कुणी बोलत नाही. महापौरपदाचं आरक्षण नगरविकास विभागाच्या सोडतीतून ठरतं, त्यामुळे कुठलाच पक्ष पाच वर्षं आधी माणूस तयार करू शकत नाही. वर प्रभागाचं आरक्षणही निवडणुकीगणिक फिरतं. मावळत्या महापौरांचा प्रभागच दुसऱ्या प्रवर्गात गेला की शेजारी जागा शोधा, नाहीतर घरच्या कुणाला उभं करा. बांधलेला मतदार तिथेच सुटतो.

चर्नीरोडकर:
सोडत फिरते ती सगळ्यांसाठीच. प्रभाग शेवाळे-वायकरांचेही फिरतात, तरी ते पुढे गेले. मुळात पद रिकामं आहे, हिशेबनीसांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. महापौर परिषद आणा. कोलकात्यात 1985 पासून आहे: महापौर आपले सहकारी निवडतात आणि खाती वाटतात.

हिशेबनीस:
मुंबईत आणली होती, 1998 ला. वर्षभरातच गुंडाळली. महापौर परिषदेत खरी सत्ता आली की मंत्रालयाला समोर दुसरं सत्ताकेंद्र दिसतं, आणि कायदा बदलायचा अधिकार मंत्रालयाकडेच आहे. कोलकात्याचं उदाहरण देताना हेही सांगा, की 2018 ला फिरहाद हकीम महापौर झाले तेव्हा ते राज्याचे नगरविकास मंत्रीही होते. तिथे महापौर ताकदवान दिसतो, पण त्यातली किती ताकद महापौराची आणि किती मंत्र्याची?

चर्नीरोडकर:
असेना का. निदान गटार तुंबलं तर कुणाला धरायचं ते तिथल्या मतदाराला कळतं. आपल्याकडे मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले, आणि महापौर नसतानाही सगळी कंत्राटं निघतच राहिली.