पानगळीतले कागदी उद्योग: तुमच्या घरी काय जमलं?

पानं रंग बदलायला लागली की मुलांच्या खिशांतून अर्धी बाग घरात येते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घेऊन कागदाचं काय काय करून पाहिलंत? देखणं झालं की नाही ते राहू दे. मुलाच्या हाताने किती झालं आणि गाडी कुठे अडली, तेवढं सांगा.

* * *

आमच्याकडे खडू घासून पानाची छाप घेणं सगळ्यात जास्त चालतं. पान नुकतंच पडलेलं, अजून लवचीक हवं. कुरकुरीत असेल तर घासताना चुरा होतो. शिरा उठून दिसणारी मागची बाजू वर ठेवायची आणि पान टेबलाला चिकटपट्टीने डकवायचं, नाहीतर सरकतं आणि मूल वैतागतं. वर पातळ कागद. मेणाच्या खडूचं वेष्टण काढून तो आडवा धरून फिरवायचा. टोकाने रेघोट्या मारल्या तर काही उमटत नाही, आणि मुलं पहिल्यांदा टोकानेच मारतात! आडवा धरायची युक्ती कळली की आधी मधली जाड शीर येते, मग बारीक जाळी. लेक त्यानंतर चप्पल, कंगवा, विणलेली टोपली, सगळ्यांवर कागद ठेवत सुटली. पानं राहिली बाजूला.

* * *

तिनाच्या आतलं मूल असेल तर कात्री नकोच. फाडू द्या. जुन्या मासिकांतले लाल, पिवळे, तपकिरी कागद पुढ्यात टाकले की झालं. एका दिशेने कागद सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वाकडातिकडा. हे मुलाला आपोआप कळतं, सांगावं लागत नाही. फाटलेली कड दातेरी असते, त्यामुळे तुकडे आपसूक पानांसारखे दिसतात. खोड मी काढून देते, पानं तो डकवतो. सगळी पानं एकाच कोपऱ्यात गेली तर जाऊ देत. वारा तिकडूनच असेल.

* * *

टिपकागद किंवा कॉफी गाळायचा कागद पानाच्या आकारात कापा. मधोमध काळ्या किंवा तपकिरी स्केचपेनने जाडसर ठिपका द्या आणि ठिपक्यावर पाण्याचे थेंब सोडा. शाई पसरताना तिच्यातले रंग वेगळे होत जातात. पेन पाण्याने धुतलं जाणारं हवं. पक्क्या शाईचं जागचं हलत नाही. मुलाने विचारलं, "हा निळा कुठून आला?" तो आधीपासून काळ्यातच होता म्हटल्यावर विश्वास बसेना. खऱ्या पानांतला पिवळाही असाच आतच असतो, हिरवं हरितद्रव्य विरलं की दिसायला लागतो, हे लगे हाथ सांगून टाकलं. लाल रंगाची गोष्ट मात्र वेगळी, तो बऱ्याच झाडांत पानगळीच्या सुमारासच तयार होतो. तोवर श्रोता पळाला होता.

* * *

वरचं पान वाळल्यावर पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घालून देठाशी दोऱ्याने बांधा, खिडकीत मस्त दिसतं. घड्या मात्र पाच वर्षांच्या आधी नीट जमत नाहीत.

* * *

बसून काही करणं ज्यांना जमतच नाही त्यांच्यासाठी भिंगरी. साधारण १५ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद पट्टी घ्या. वरच्या टोकापासून मधोमध निम्म्यापर्यंत कापा. झालेले दोन पंख एक पुढे, एक मागे दुमडा आणि खाली कागदाची क्लिप लावा. खुर्चीवर उभं राहून सोडली की मेपलच्या पंखवाल्या बीसारखी गरगरत उतरते. पंखांच्या दिशा उलटसुलट केल्या की फिरायची दिशाही बदलते. हे आमच्या पोरीने स्वतः शोधलं आणि दिवसभर सगळ्यांना गाठून दाखवलं.

* * *

आजीकडून एक. कागदी रोलच्या रिकाम्या नळीच्या वरच्या दोन समोरासमोरच्या कडा आत दाबल्या की घुबडाचे कान होतात. बस, तेवढंच. डोळे, पिसं नातवावर सोपवा. आमच्या घुबडाला चार डोळे आहेत, कारण "त्याला मागचं पण दिसायला हवं".