प्रति: जमीन राखली की वाट मोकळी?
वर एकांनी लिहिलंय की निसर्ग राखणाऱ्या संस्थेने जमीन राखून ठेवली की चालायची वाट आपोआप सगळ्यांना मोकळी होते, तसं नसतं हो. मालकाशी संवर्धन करार होतो त्यात बहुतेकदा एवढंच असतं की बांधकाम करायचं नाही, प्लॉट पाडायचे नाहीत, जमीन त्याचीच राहते, लोकांना चालायचा हक्क वेगळा लिहून घ्यावा लागतो, कुठून शिरायचं, गाड्या कुठे लावायच्या, दुरुस्ती कोणी करायची सगळं. तोंडी परवानगीवर तर विसंबूच नका, मालक बदलला की गेटला कुलूप. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल बघा, साधारण ३५०० किमी लांबीची पायवाट, आधी बराच भाग खासगी जमिनीतून, मालकांच्या मर्जीवर. १९६८ ला अशा वाटा राखायचा कायदा झाला, १९७८ ला जमीन घ्यायला मोठा निधी मंजूर झाला आणि तुकडा तुकडा जोडत आज जवळपास सगळी सुरक्षित आहे. स्कॉटलंडने २००३ ला कायद्यानेच हक्क दिला, जबाबदारीने वागलात तर खासगी माळावरूनही चाला. मला हे जास्त पटतं, पण सगळीकडे एवढं होणं अवघड, म्हणून जमीन राखायला निधी जमवत असाल तर आधी रस्त्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतची चिंचोळी पट्टी घ्या, नेमकी तीच विकली जाते आणि मग वरचं राखलेलं जंगल नुसतं लांबून बघायचं.