फेडरपोर्ट विकायचा आहे, जाहिरात कशी लिहू आणि किंमत किती सांगू?

पेटीवाला_वाई

नमस्कार मंडळी. माझा प्रीसोनस फेडरपोर्ट विकायचा आहे, म्हणजे संगणकावर रेकॉर्ड केलेला आवाज फेडरने (सरकत्या खुंटीने) वर-खाली करायचं यंत्र. एका फेडरचा, नव्या आवृत्तीचा. डिसेंबर २०२३ मध्ये १९,८०० ला घेतला. बिल आहे, खोका आहे, अडॅप्टर मूळचाच. दोन पावसाळ्यांत आमच्या भजनी मंडळाचे बत्तीस अभंग त्यावर मिक्स केले, वापर तेवढाच. एरवी सुती कापडाखाली झाकलेला असतो. एकही बटण अडत नाही.

अभंगांचं काम पुरं झालं आणि आता पखवाजासाठी दुसरा माइक हवा आहे, म्हणून विकतोय. आजवर एकच माइक शाईच्या, म्हणजे उजव्या बाजूने लावत आलो. धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक कितीही बेताची लागलेली असो, तिचा घुमारा रेकॉर्डिंगमध्ये उतरतच नाही. आमचे पखवाजवाले बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांचा डावा हात देवळात जसा ऐकू येतो तसा रेकॉर्डिंगमध्ये यायला हवा, आणि तो आत्ताच यायला हवा.

फेडरपोर्टने मला फार साथ दिली. गजराला टाळ चढले की गाणाऱ्याचा आवाज बुडतो. आधी मी माउसने ठिपके मारत बसायचो, एका अभंगाला अख्खी दुपार जायची. यावर फेडरला बोट लावून अभंग ऐकायचा आणि कानाला पटेल तसा आवाज वर-खाली करायचा. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ती हालचाल लिहून घेतं आणि पुढच्या वेळी फेडर आपणहून तसाच सरकतो. शिवाय पायाच्या स्विचसाठी जागा आहे. पेटी वाजवताना माझा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. चुकलेली ओळ परत घ्यायची तर पायाने रेकॉर्डिंग चालू करता येतं.

अडचण अशी की जाहिरातीत मी 'होम रेकॉर्डिंग मिक्सर' असं लिहिलं. आठ दिवसांत अकरा मेसेज आले, त्यातल्या नऊ जणांचा प्रश्न एकच: माइक किती जोडता येतात? याला तर एकही जोडता येत नाही. भुईंजचे एक जण तर पैसे घेऊन निघाले होते, हळदीच्या कार्यक्रमांना साउंड लावतात. मीच फोन करून थांबवलं. त्यांच्या गळ्यात ही वस्तू मारणं मला जमलं नसतं.

तर काय लिहू, किती सांगू, आणि बाहेरगावी कुरिअरने पाठवावा का?

साउंडवाला_सदाशिव

काका, आधी 'मिक्सर' हा शब्द काढा. 'मोटराइज्ड फेडर असलेला डीएडब्ल्यू (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) कंट्रोलर' असं लिहा आणि त्याखाली लगेच: 'यातून आवाज जात नाही. माइक जोडता येत नाही, स्पीकर जोडता येत नाही. माइक संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस वेगळा हवा.' मेसेज कमी येतील, पण कामाचे येतील. कुठल्या सॉफ्टवेअरशी कसा जुळतो हेही टाका: स्टुडिओ वनमध्ये थेट चालतो, रीपर, लॉजिक, क्युबेसमध्ये 'मॅकी कंट्रोल' मोडवर आणि प्रो टूल्समध्ये 'एचयूआय' मोडवर. ज्याला हवा आहे तो नेमकं हेच शोधत असतो.

फोटोंपेक्षा एक मिनिटाचा व्हिडिओ बरा. आवाजाचा चढउतार लिहून ठेवलेला एक ट्रॅक लावा आणि फेडर त्यामागे सरकताना दाखवा. मग सरकत असतानाच त्याला बोट लावा. मोटरने तिथल्या तिथे सोडून दिलं पाहिजे. बोटाशी झटापट करत असेल तर स्पर्श ओळखण्यात बिघाड आहे. जाणकार माणूस हीच परीक्षा घेतो.

किंमत: बिल-खोका असेल तर मी १४,००० सांगेन आणि १३,००० ला देईन. सोबत मिळालेला स्टुडिओ वन आर्टिस्ट तुमच्या खात्यावर नोंदवला असेल तर तेही आधीच सांगा, मागून वाद नको.

कुरिअरने पाठवायचाच असेल तर फेडरच्या टोपीवर कशाचाही भार येता कामा नये. फोमला तेवढी खाच कापा. वरून दाबला गेला तर दांडी वाकते आणि मग मोटर अडकते. आणि विकायच्या आधी 'जरा साफ करू' म्हणून फेडरच्या फटीत घरातलं गंजाचं तेल मारू नका. कोरडा मऊ ब्रश पुरे.

डोंबिवली_लोकल

दादा, एक सावधगिरी. वस्तू न पाहता, घासाघीस न करता कोणी लगेच 'घेतो' म्हणाला तर थांबा. माझ्या मेहुण्याला असाच फोन आला होता. समोरचा म्हणे सैन्यात आहे, बदली झालीय, पैसे आत्ता पाठवतो. मग क्यूआर कोड आला, 'स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील.' यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. त्याचे आठ हजार गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण मनस्ताप व्हायचा तो झालाच. शक्यतो समोरासमोर द्या.

चिपळूणची_गौरी

काका, मी नाट्यगीतं गाते आणि पेटीही स्वतःच वाजवते. स्कार्लेट टू आय टू हा ऑडिओ इंटरफेस आहे, रीपर आहे, लॅपटॉप जुना आहे. तुमचं पायाच्या स्विचचं वाचलं आणि पुन्हा वर जाऊन वाचलं. मी प्रत्येक वेळी पेटी सोडून, वाकून लॅपटॉपचं बटण दाबते आणि तोवर सूर डोक्यातून गेलेला असतो.

पण आमच्याकडच्या पावसाची भीती वाटते. दमट हवेत फेडर टिकेल का?

पेटीवाला_वाई

सर्वांचे आभार. जाहिरात बदलली, व्हिडिओही टाकला. बोट लावल्यावर मोटर लगेच सोडते, नीट दिसतंय.

गौरीताई, वाईचा पाऊसही कमी नाही, पण चिपळूणचा निराळाच. काम झालं की अडॅप्टर काढायचा, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचा आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा चालू करून फेडर खाली-वर फिरवायचा. मी एवढंच केलं आणि दोन्ही पावसाळे खरखर लागली नाही.

कुरिअर नकोच. तुम्ही कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला या, मी वाईहून येतो. रविवारी अकरा वाजता कऱ्हाड स्टँड. लॅपटॉपवर रीपर आणि पेटीचा एखादा ट्रॅक असू द्या, अडॅप्टरला प्लग मिळेल अशा ठिकाणी चहा घेत बसू आणि सगळं तुमच्या हाताने तपासा. पटलं तरच १३,००० द्या. पायाचा स्विच माझ्याकडे आहे, तोही त्यातच घेऊन जा.

चिपळूणची_गौरी

येते काका. पहाटेची एसटी पकडते.