मदत हवी आहे: 'रात्रीस खेळ चाले' कोणत्या क्रमाने बघावी?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीला राहते. सासूबाई कुडाळहून आल्यात, त्यांच्याबरोबर 'रात्रीस खेळ चाले' ही झी मराठीवरची भयमालिका पहिल्यापासून बघायची आहे. पण पहिल्यापासून म्हणजे कुठून? २०१६ च्या भागात कुटुंबप्रमुख अण्णा नाईक वारल्यावर कुटुंब वाड्यात जमतं. २०१९ चा दुसरा भाग अण्णांच्या हयातीतला, म्हणजे कथेने आधीचा. तिसरा २०२१ चा.

मला वाटतं, आधी पहिलाच बघावा. अण्णा नेमके कसे होते हे हळूहळू उलगडतं, त्यातच त्या घराची खरी भीती आहे. दुसऱ्या भागातली शेवंता आधीच भेटली तर ती मजा जाईल. सासूबाईंना मात्र अण्णांच्या बायकोचा, माईचा संसार आणि तिची घुसमट बघायची आहे. शिवाय मालवणी कानावर पडली की त्यांचा चेहरा खुलतो, म्हणून त्यांचं मन मोडवत नाही.

आणखी एक. लेक आठ वर्षांची, घर वन बीएचके. नुसत्या शीर्षकगीताने ती दचकून उठली. लहान मुलं असलेल्यांनी हे कसं जमवलं? हेडफोन दोघींना कसा पुरणार?

तिन्ही भाग पाहिलेल्यांनी क्रम नक्की सांगा. शेवट मात्र कृपया फोडू नका, सासूबाईही कमेंट वाचतात.