चॉपिंग बोर्डला मराठीत काय म्हणता? पाट, फळी की अजून काही?

दिवाळीत जवळच्या लोकांना द्यायला सागाचे चॉपिंग बोर्ड घरीच करतोय, सुताराकडून उरलेले तुकडे आणलेत, रंधा मारून झाला. सोबत वापराची चिठ्ठी द्यायचीय, ती सगळी मराठीत लिहिली आणि नेमका वस्तूच्या नावाशी अडलोय. 'भाजी चिरायची फळी' लांबलचक वाटतं, आई नुसतं पाट म्हणते. तुमच्याकडे काय म्हणतात?

--

जुना शब्द मिळणं अवघड आहे, कारण आपल्याकडे विळी होती. विळीचं पातं जागच्या जागी असतं, भाजी हाताने त्यावर सरकवायची, खाली आधार लागतच नाही. ओट्याशी उभं राहून सुरीने चिरायला लागलो तेव्हा बोर्ड आला तो स्वतःचं नाव घेऊनच. पण विळीचं पातं ज्या लाकडात बसवतात त्यालाही पाटच म्हणतात ना, त्यामुळे आईंचं अजिबात चूक नाही. पोळपाटासारखं 'चिरपाट' करून बघा, मला तर फार आवडेल.

--

चिरपाट नको हो, 'चिर' म्हटलं की चिरकाल, चिरंजीव हेच आधी आठवतं. आणि पाट म्हटलं की खाली दोन आडव्या पट्ट्या आल्या, पोळपाटालाही पाय असतात. तुमचा बोर्ड दोन्ही बाजूंनी सपाट, उलटा करूनही वापरता येणारा, म्हणजे सरळ सरळ फळीच की. 'भाजीची फळी' लिहा, कोणालाही कळेल. फक्त पाव किंवा चीजसाठी देणार असाल तर 'चिरायची' नको, चिरतो ती भाजी, पाव आपण कापतो.

--

पट्ट्यांचा मुद्दा एकदम पटला, फळीच लिहितो. अजून एक, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलं तरी पहिल्यांदा पाणी लागलं की लाकडावर बारीक केस उभे राहतात, हात फिरवला की खरखर लागते, म्हणून मी आधीच ओलं करून, वाळवून परत घासतो. त्या केसांना काय म्हणतात?

--

आमच्याकडे लव म्हणतात, 'लाकडाला लव सुटली'. आणि चिठ्ठीत 'तेल लावा' ऐवजी 'तेल पाजा' लिहा ताईदादांनो, लावलेलं वरच राहतं, पाजलेलं आत मुरतं. फक्त खायचं गोडेतेल नको, खवट वास येतो, केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन घ्या आणि रात्रभर मुरू द्या.