समुद्राकाठी जुना व्हॉल्व्हचा लिनियर घ्यावा का? (हीथकिट एसबी-२००, सल्ला हवा)

माडाखाली:

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात राहतो. घर जांभ्याचं, मागे माडा-पोफळीची वाडी आणि वाडीच्या गडग्यापलीकडे थेट पुळण. हॅमचा (हौशी रेडिओचा) जनरल श्रेणीचा परवाना मिळून तीन वर्षं झाली. रिग (रेडिओ संच) आयसी-७३००, म्हणजे १०० वॅट. अँटेना ४० मीटर बँडचा एक डायपोल (आडवी तारेची अँटेना), दोन माडांमध्ये साधारण ६ मीटर उंचीवर.

रत्नागिरीच्या एका जुन्या हॅमचं निधन झालं. घरच्यांकडे त्यांचा हीथकिट एसबी-२०० लिनियर (रिगची ताकद वाढवणारी अ‍ॅम्प्लिफायरची पेटी) पडून आहे. दोन ५७२बी व्हॉल्व्ह (काचेच्या जुन्या नळ्या) आत आहेत, एक जोडी वेगळी खोक्यात आहे. आठ वर्षं कोणी हात लावलेला नाही. ३५ हजार म्हणतायत. "या, लावून दाखवतो, चालला तरच घ्या" असं त्यांच्या मुलाने सांगितलंय. येत्या रविवारी जाणार आहे.

घ्यावा का? बघताना काय बघू? खाऱ्या हवेत टिकेल का? आणि ७३०० ला तसाच जोडता येतो की आत काही बदल करावे लागतात? निसर्ग वादळानंतर आमच्याकडे सगळे फोन बंद होते, तेव्हापासून आपला आवाज लांब पोचावा असं फार वाटतं.

खरखर:

बाबा रे, आधी त्या मुलाला आजच फोन कर आणि सांग की लावून दाखवू नका. रविवारपर्यंत थांबू नकोस. तू येणार म्हणून तो शनिवारीच "बघू तरी चालतोय का" करून प्लग खुपसेल.

आठ वर्षं पडलेल्या पेटीत सहा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात, १२५ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे. इतकी वर्षं व्होल्टेज न मिळाल्याने त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर विरलेला असतो. एकदम २४०० व्होल्ट आले की एखादा गळतो, त्याच्या वाट्याचं व्होल्टेज बाकीच्यांवर पडतं, मग रांगेने जातात. जाताना डायोड आणि कधी ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. कपॅसिटर आणि डायोड मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील. तो ट्रान्सफॉर्मर सहज मिळणार नाही. तू ३५ हजार देतोयस ते खरं तर त्या ट्रान्सफॉर्मरचे आणि व्हॉल्व्हचे.

मी हाच लिनियर पंधरा वर्षं वापरलाय, तोही रत्नागिरीतच. घेण्यासारखा नक्की आहे. पण बंद अवस्थेत बघून घे.

चौदा_मेगा:

काकांचा मुद्दा पटतो, पण न चालवता ३५ हजार द्यायचे? वापरलेली वस्तू चालू बघूनच घ्यावी हे सगळे सांगतात. पाणी चढत नसलेला पंप कोण घेतो?

खरखर:

पंप आठ वर्षं पडला तर फार तर जाम होतो. हा चालू केल्यानेच मरू शकतो, हा फरक आहे. बंद पेटीतही पुष्कळ कळतं.

प्लग भिंतीत नाही याची खात्री करून वरची जाळी काढ आणि आधी नाकाने बघ. जळका वास असेल तर कुठून येतो ते शोध. ट्रान्सफॉर्मरच्या कागदावर काळपटपणा किंवा ओघळलेलं वार्निश आहे का? बँड स्विचच्या वेफरवर (आतल्या चकतीवर) जळाल्याची काळी रेघ असेल तर भाव पाडून माग, तो स्विच बदलणं महिन्याचं काम आहे. ट्यूनिंग कपॅसिटरच्या पट्ट्यांच्या कडांवर ठिणगीचे फोड दिसतात का ते टॉर्च तिरपा धरून बघ. व्हॉल्व्हच्या काचेत वरती पांढरट डाग असेल तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला. मल्टिमीटरने फिलामेंट जोडलेलं आहे का आणि ग्रिड-फिलामेंट शॉर्ट नाही ना, एवढं तिथल्या तिथे कळतं.

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या (मेनची वीज घेणाऱ्या गुंडाळ्यांच्या) पट्ट्या कशा जोडल्यात तेही बघ. ही अमेरिकन पेटी आहे. दोन प्रायमरी समांतर असतील तर ती १२० ची, एकापुढे एक असतील तर २४० ची. १२० वर जोडलेली पेटी आपल्या २३० ला लावली की सगळं दुप्पट होतं आणि पुढचं सांगायला नको. मागच्या पट्टीवर ५०/६० सायकल लिहिलंय का तेही वाच. ५० वर लोखंड थोडं जास्त तापतं, म्हणून हवा खेळती हवी.

आणि घरच्यांशी सरळ बोल: ट्रान्सफॉर्मर घरी तपासेन, तो गेलेला निघाला तर पेटी परत. माणसं चांगली असतील तर ऐकतात. वडिलांची वस्तू कोणी नीट चालवणार आहे याचंच त्यांना जास्त असतं.

विक्रीची चिठ्ठी करून घे, त्यावर तुझा परवाना क्रमांक आणि त्यांच्या वडिलांचा कॉलसाइन असू दे. प्रक्षेपणाचं यंत्र विनापरवाना कोणाच्या घरात राहू नये, हे त्या घरासाठीही बरं.

खडकावरचा_व्हर्टिकल:

मी थोडा उलटा विचार मांडतो. परवान्यात ४०० वॅटची मर्यादा आहे. १०० चे ४०० केलेस तर वाढ ६ डीबी, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर फक्त एक घर (एस युनिट). ते पैसे आधी अँटेनात घाल.

तुझ्याकडे जे आहे ते पुण्या-मुंबईत फारसं कोणाकडे नाही: कुंपणापलीकडे खारं पाणी. २० मीटर बँडचा व्हर्टिकल (उभी अँटेना), ५ मीटरच्या आसपासची उभी तार फिशिंग रॉडवर, दोन-चार रेडियल (खालच्या आडव्या तारा) जमिनीपासून हात-दीड हात वर ताणून, भरतीच्या रेषेजवळ लाव. खाऱ्या पाण्यावरून लाट अगदी सपाट कोनात निघते. पश्चिमेला आखात, आफ्रिका, वायव्येला युरोप, मध्ये डोंगर नाही की इमारत नाही. मी दाभोळच्या अलीकडे खडकावर असा उभा करतो आणि १०० वॅटवर जे ऐकलं जातं ते घरच्या डायपोलवर ४०० ने जमलं नव्हतं. अँटेना ऐकतानाही मदत करते, लिनियर फक्त बोलताना.

आणि वादळाचं म्हणालास म्हणून सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, त्यानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे झाले होते. तेव्हा लिनियरला वीज कुठून आणणार? त्या दिवसात कामाला येते ती ट्रकची बॅटरी, १०० वॅटची किंवा त्याहून लहान रिग आणि तुझा तो ६ मीटरवरचा डायपोल. तो बुटका आहे म्हणूनच दिवसा ४० मीटरवर लाट सरळ वर जाऊन आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरात खाली येते. गुहागरहून पुणे, कोल्हापूर, सावंतवाडी. तो काढू नकोस. लिनियर लांबच्या गप्पांसाठी घे, मदतकार्यासाठी म्हणून घेऊ नकोस.

माडाखाली:

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. व्हर्टिकल दिवाळीनंतर करतो. पण लिनियरही हवाय, खोटं कशाला बोलू. फोन केला, मुलाने प्लग लावला नव्हता. काका, तुमच्यामुळे वाचलं.

खारा_वारा:

मालवणहून. मी होड्यांचे वायरलेस आणि फिशफाइंडर दुरुस्त करते, लिनियर नाही. पण मीठ मला ठाऊक आहे.

पेटी घरी आणलीस की आधी साफ कर. मीठ दिसत नाही, पण पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतं आणि प्लॅस्टिकवरून, फेनॉलिकच्या पट्टीवरून वीज सरपटायला वाट करून देतं. २४०० व्होल्टला तेवढी वाट पुरते. नुसतं स्पिरिट फिरवलंस तर मीठ विरघळत नाही, फक्त जागा बदलतं. आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेला मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग दोन दिवस कडक ऊन. ट्रान्सफॉर्मरला आणि मीटरला पाणी लावू नकोस. रिलेच्या पॉइंटांना सँडपेपर अजिबात नको, वरचा चांदीचा थर जातो. जाड कोरा कागद अल्कोहोलमध्ये भिजवून पॉइंटांमधून ओढ.

ठेवायची जागा ओटीवर किंवा पश्चिमेच्या खिडकीत नको. माजघरात ठेव. पंखा जी हवा आत घेतो तिच्याबरोबर मीठही घेतो. वापर झाल्यावर पेटी निवली की कापडी झाकण घाल, प्लॅस्टिकचं नको, आत घाम धरतो. जून ते सप्टेंबर पेटीखाली किंवा बाजूला १५ वॅटचा बल्ब जळता ठेव, जुन्या पद्धतीचा तारेचा. एलईडीचा झिरो चालणार नाही, त्याला ऊबच नसते. मागच्या भोकांना बारीक पितळी जाळी लाव. पाली उबेला येतात आणि हाय व्होल्टेजवर चिकटतात. मी होडीच्या इन्व्हर्टरमध्ये किती काढल्यात त्याला मोजदाद नाही.

चौदा_मेगा:

अर्थिंगचं कोणीच बोललं नाही. जांभ्यात रॉड ठोकून काही मिळत नाही, मे महिन्यात तर नाहीच. आमच्या वायरमनने सुचवलं ते सांगतो: न्हाणीचं पाणी ज्या माडाच्या अळ्यात जातं, तिथे खड्डा घेऊन कोळसा-मिठात प्लेट पुरायची. ती जागा बारा महिने ओली राहते. घराचं अर्थिंग आणि शॅकचं (रेडिओच्या खोलीचं) अर्थिंग एकमेकांना जाड तारेने जोडायला विसरू नकोस. आणि वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात अँटेनाची कोएक्स केबल काढून खिडकीबाहेर.

माडाखाली:

दीड महिन्याने लिहितोय. घेतला! प्रायमरी २४० वरच जोडलेली होती. आत एक वाळलेली पाल आणि मुंग्यांचं वारूळ निघालं. खारा_वारा ताई, तुमच्या पद्धतीने धुतला, पहिल्या फडक्यावर तपकिरी पाणी आलं. सहा ब्लीडर रेझिस्टरांपैकी (प्लग काढल्यावर कपॅसिटर रिकामे करणारे) एक पूर्ण उघडा, म्हणजे आतून तुटलेला आहे, दोन बरेच भरकटलेत. ट्रान्सफॉर्मर कसा तपासू? आणि बदल कोणत्या क्रमाने करू?

खरखर:

ब्लीडर उघडा म्हणजे प्लग काढल्यावरही त्याच्या जोडीचा कपॅसिटर भरलेला राहिला असता. भरलेल्या रांगेत साठेक जूल असतात, छातीतून जायला तेवढे फार झाले. म्हणून पहिलं काम हत्यार बनवण्याचं: सुकी फायबरची दांडी, टोकाला पितळी हूक, हुकापासून चेसिसपर्यंत जाड तार. झाकण काढलं की मीटर शून्यावर आलाय बघायचं, मग हूक व्हॉल्व्हच्या प्लेट कॅपवर टेकवायचा आणि काम संपेपर्यंत तिथेच अडकवून ठेवायचा. एक हात खिशात. पायात रबरी चप्पल. हे दर वेळी, पन्नासाव्या वेळीही.

ट्रान्सफॉर्मरसाठी: व्हॉल्व्ह बाहेर काढ, हाय व्होल्टेजच्या दोन तारा डायोडांपासून सोडव आणि त्यांची टोकं वेगवेगळी नीट झाक, त्यांवर ८०० च्या आसपास एसी असतं. मग १०० वॅटचा सिरीज बल्ब (मेनच्या तारेत एकापुढे एक जोडलेला) लावून प्रायमरीला वीज दे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट.

तो ठीक निघाला की पॉवर सप्लाय पूर्ण नवा कर. कपॅसिटर सहाही २२० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे, जुन्यात नवे मिसळू नकोस. प्रत्येकावर १०० किलोओहम ३ वॅटचा मेटल ऑक्साइड रेझिस्टर. जुने ३० किलोओहमचे प्रत्येकी पाच वॅट उष्णता सोडतात आणि शेजारच्या कपॅसिटरला भाजतात. नवे दीड वॅटच्या आसपास. फक्त लक्षात ठेव, आता रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो, निदान दोन-तीन मिनिटं थांब. डायोड सगळे १एन५४०८.

त्यानंतर, ७३०० जोडण्याआधी, कीइंग, म्हणजे बोलताना रिगने लिनियरला चालू करायची जोडणी. एसबी-२०० च्या रिलेच्या जॅकवर उणे १२०-१३० व्होल्ट असतात. तुझ्या रिगचा सेंड जॅक ते सोसणार नाही, पहिल्याच दाबाला आतलं काहीतरी जाईल. मध्ये ऑप्टो असलेला छोटा मॉसफेट रिले (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) घाल. एसबी-२२० साठी (हीथकिटचाच दुसरा लिनियर) छापलेलं सर्किट जसंच्या तसं उचलू नकोस, तिथे ध्रुव उलटा असतो.

मग हाय व्होल्टेजच्या तारेत ५० ओहम २५ वॅटचा वायरवाउंड, ठिणगी पडली तर करंट आवरायला. प्रायमरीत सॉफ्ट स्टार्टही (वीज हळूहळू चढवणारी जोडणी) घाल. थंड फिलामेंटचा रोध अगदी कमी असतो, पहिला झटका तिथेच बसतो.

वीज स्वतंत्र १६ अँपिअरच्या लाइनवर घे. संध्याकाळी आपल्याकडे १९० पर्यंत उतरते, तेव्हा वापरू नकोस, फिलामेंटला कमी व्होल्टेजही मानवत नाही.

खडकावरचा_व्हर्टिकल:

सुरुवात डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, ताकद जिरवणारा रेझिस्टर) आणि रिगकडून ३०-४० वॅटच्या ड्राइव्हने कर. ट्यून करताना प्रक्षेपणाची की पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नकोस. प्लेट लालभडक दिसली की सोड. आणि त्याची ताकद ५०० च्या वर जाते म्हणून तेवढी काढायची नाही. ४०० च्या आत ठेवलास तर व्हॉल्व्हही वर्षानुवर्षं जातील.

माडाखाली:

सिरीज बल्ब लावला. क्षणभर उजळला आणि मंद झाला! घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. कपॅसिटर मुंबईहून चुलतभाऊ गणपतीला येताना आणतोय. खोक्यातली दुसरी व्हॉल्व्हची जोडी वापरू की आतली?

खरखर:

आतली. ती चालत होती हे तरी माहीत आहे. आधी प्लेट व्होल्टेज न देता नुसतं फिलामेंट एक दिवस पेटवून ठेव, पंखा चालू ठेवून. खोक्यातल्या जोडीलाही नंतर तसंच कर, मगच तिच्यावर हाय व्होल्टेज.

कपॅसिटर बसवलेस की त्यांच्या ध्रुवांचे फोटो टाक, मी बघतो. मग मला फोन कर. माझ्याकडे डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू चढवायचं यंत्र) आहे, तो घेऊन एसटीने येतो. पहिल्यांदा हाय व्होल्टेज चढवताना खोलीत दोन माणसं हवीत आणि दुसऱ्याचा हात मेन स्विचवर हवा. कपॅसिटर बसवल्यावर मी पोचेपर्यंत प्लग भिंतीत घालू नकोस.