किराणामालाच्या यादीवर मुलांचा अधिकार किती असावा?

मुलुंडचा बाबा (प्रश्न)

गेल्या रविवारी महिन्याचे सामान पिशवीतून काढताना मी सहज बिल हातात घेतले आणि ज्या वस्तू केवळ आमच्या आठ वर्षांच्या मुलीमुळे घरात येतात, त्यांच्यापुढे पेन्सिलीने टिंब देत गेलो. एकूण ४६ ओळींपैकी १९ ओळींपुढे टिंब आले. दुधात घालायची चॉकलेट पावडर, कॉर्नफ्लेक्स, चीजच्या चकत्या, नूडल्स, सॉस, फळांच्या रसाचे छोटे डबे हे सगळे अपेक्षितच होते. मात्र त्या १९ पैकी तिने स्वतः तोंडाने मागितलेल्या वस्तू जेमतेम ६ निघाल्या. बाकीच्या १३ आम्ही दोघांनीच ‘तिला आवडते’, ‘हे डब्यात दिले तर परत येत नाही’, ‘आम्ही ऑफिसातून येईपर्यंत तिला काहीतरी हवे’ असे म्हणत आपण होऊन उचललेल्या होत्या.

मासळीचेही तेच. पूर्वी आमच्याकडे बांगडा, तारली, मांदेली आलटून पालटून येत असत. आता मासळीबाजारातल्या मावशी मला पाहताच सुरमई कापायला घेतात, कारण पोरीला काटे चालत नाहीत हे त्यांना पाठ झाले आहे. वेफर्सच्या पाकिटांवरून आमच्या घरी दर आठवड्याला वाद होतो, सुरमईबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. आणि हिशेब मांडला तर मुलीपायी वाढलेला सर्वांत मोठा आकडा तोच आहे.

घरातल्या खाण्याच्या खरेदीत मुलांना किती बोलू द्यावे, आणि आपणच त्यांच्या वतीने जे ठरवून टाकतो त्याचे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

निवृत्त जाहिरातवाला, दादर

आपण पेन्सिलीने जे केलेत, तेच काम आमच्या धंद्यात वर्षानुवर्षे पगार घेऊन चालत असे. जेम्स मॅकनील या अमेरिकी प्राध्यापकांनी मुलाकडे एक नव्हे, तीन ग्राहक म्हणून पाहायला शिकवले: खाऊच्या पैशांतून स्वतः खरेदी करणारा, आईवडिलांच्या खरेदीला वळण देणारा आणि उद्या मोठा होऊन आपलीच वस्तू घेणारा. यांतला दुसरा सर्वांत किफायतशीर, कारण त्याच्या हट्टाला पाकीट मात्र वडिलांचे असते. आपल्या १३ वस्तू त्याहून पुढची पायरी आहेत. तिथे मुलाला हट्टही करावा लागत नाही, कारण जाहिरात मुलापर्यंत पोहोचली असेल असे गृहीत धरून पालकच तिचे ऐकतात.

कायदा या बाबतीत अगदीच झोपलेला नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी २०२२ साली केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार चिप्स आणि शीतपेये यांसारख्या पदार्थांच्या जाहिराती मुलांसाठीच्या कार्यक्रमांत किंवा केवळ मुलांच्या वाहिन्यांवर दाखवता येत नाहीत. पण आपली मुले मुलांच्या वाहिन्याच पाहतात, असे कोणी सांगितले? आजोबांच्या मांडीवर बसून क्रिकेटचा सामना पाहणारा नातू त्या नियमाच्या कक्षेत येत नाही. चिली देशाने २०१६ मध्ये मुळावरच घाव घातला. साखर, मीठ किंवा चरबी ठरावीक मर्यादेपलीकडे असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर काळे अष्टकोनी शिक्के आले आणि त्याच वेष्टनांवरची कार्टूनची चित्रे गेली. आयुष्यभर वाघ-सशांची चित्रे वेष्टनांवर चिकटवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने हे कौतुकाने लिहावे, याला काय म्हणावे ते मला ठाऊक नाही.

किराणा दुकानदार, लालबाग

गल्ल्यावर बसणाऱ्याला जे दिसते तेवढेच लिहितो. पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा दुकानाच्या दर्शनी भागात खालपर्यंत सोडलेल्या असतात. त्या मोठ्या माणसाच्या गुडघ्याशी येतात आणि पोराच्या नाकाशी. कंपनीचा माणूस येऊन त्या स्वतः लावून जातो, जागा तोच सुचवतो. पाच रुपये हा आकडा वर्षानुवर्षे हलत नाही, कारण पोराच्या हातात येणारे नाणे हलत नाही. महागाई वाढली की पाकिटातला माल कमी होतो. अर्धा किलो साखर आणायला धाडलेला मुलगा साखर विसरून परत फिरतो, पण पाकिटाचा रंग विसरल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला आहे. माझे दुकान त्या अंतराच्या थोडे पलीकडे पडते, आणि शाळा सुटल्यावर ती जास्तीची पावले चालायला एकाही मुलाची ना नसते. माळा काढून टाका, असे मला सांगणारे पालक पुष्कळ आहेत. चणे-फुटाण्यांची बरणी पुढे मांडली तेव्हा ती विकत घेणारे त्यांतले किती होते, हे विचारू नये.

गोरेगावची आई

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि आमच्याकडे एक पद्धत दोन वर्षे टिकली आहे, म्हणून सांगते. महिन्याच्या यादीत एक वस्तू सर्वस्वी त्याची. ती कोणती असावी यावर आम्ही बोलायचे नाही. फक्त ती घेण्यापूर्वी वेष्टनामागचा मजकूर त्याने मोठ्याने वाचून दाखवायचा. पहिल्याच महिन्यात त्याने पळवाट शोधली आणि एक वस्तू म्हणून वेफर्सचे सर्वांत मोठे पाकीट उचलले, ते आम्ही मुकाट्याने घेतले. वाचनाचा फायदा मात्र हळूहळू दिसला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हे त्याला एकदा कळल्यावर ‘मल्टीग्रेन’ म्हणून मी स्वतः हौसेने आणत असलेल्या बिस्किटांत पहिले नाव मैद्याचे आणि दुसरे साखरेचे आहे, हे त्यानेच भर दुकानात जाहीर केले. त्या दिवशी खजील व्हायची पाळी माझी होती.

रसाच्या डब्याचे गणितही आम्ही एकदा मांडले. दर १०० मिलिलीटरला १२ ग्रॅम साखर असेल, तर २०० मिलिलीटरच्या डब्यात २४ ग्रॅम झाली, म्हणजे सुमारे पाच चमचे. फळांच्या रसातल्या साखरेसह अशी सुटी साखर रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला १५०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ती जेमतेम ३७ ग्रॅम भरते. डबा त्याला आजही आवडतो, पण आता तो अर्धा पिऊन उरलेला फ्रिजमध्ये ठेवतो.

खरी अडचण दुकानात नाहीच, ती दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आहे. मी कांदे-बटाटे निवडून फोन ठेवला की त्या टोपलीत आइस्क्रीम कधी जाऊन बसते ते कळत नाही. दुकानात नाही म्हणायला निदान रांगेइतका वेळ मिळत असे.

पार्ल्याच्या आजी

आमच्या पार्ल्यातला बिस्किटांचा कारखाना १९२९ साली सुरू झाला आणि २०१६ साली बंद पडला. मधल्या काळात गाडी स्टेशनात शिरली की भाजलेल्या बिस्किटांचा वास येई आणि माझा मुलगा माझा पदर ओढू लागे. त्याला जाहिरात दाखवायला कोणी आले नव्हते, तेव्हा सगळा दोष जाहिरातवाल्यांच्या माथी मारू नये. आणि सगळ्यांच्या यादीत जे नाव राहून गेले ते मीच लिहिते: आजी-आजोबा. आईवडील अर्धा तास वाद घालून जे नाकारतात, ते आम्ही संध्याकाळी बागेतून येताना बिनबोभाट घेऊन देतो.

मुलुंडच्या बाबांना एक विचारायचे आहे. काटे चालत नाहीत, हे मुलीने कधी सांगितले? लहान मांदेली तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून कडक तळली तर काट्यासकट कुरकुरीत खाता येते. आमच्याकडे तीन वर्षांची नात खाते. तिच्या वतीने सुरमई तुम्ही ठरवलीत, असे मला वाटते.

मुलुंडचा बाबा (प्रश्नकर्ता)

आजी, तुमचा प्रश्न मी घरी जसाच्या तसा विचारला. ती चार वर्षांची असताना एकदा बांगड्याचा काटा घशात टोचला होता आणि घाबरलो होतो ते आम्ही. तिला तो प्रसंग आठवतही नाही. या रविवारी तिला मासळीबाजारात बरोबर नेले. मावशींनी सवयीने सुरमईला हात घातला, तेव्हा तिनेच मांदेलीच्या वाट्याकडे बोट दाखवले, अर्थात त्या सोनेरी चमकतात म्हणून. घरी तिने चार खाल्ल्या, पाचवीची शेपटी ताटाच्या कडेला ठेवली आणि पुढच्या खेपेला दोन्ही आणा, असे सांगितले. आता सुरमईपुढचे टिंब ठेवावे की खोडावे, याचा निर्णय अजून झालेला नाही.